वहिनीच्या गोळ्या

आमच्या घरात आम्ही पाचजणी. आई, वहिनी, मी आणि वहिनीच्या दोन मुली, थोरली छाया आणि धाकटी बेबी. बाबा मी चौथीत असताना गेले होते. दादा मुंबईला छापखान्यात नोकरीला. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात रजा मिळेल तसा यायचा. तो यायचा तेव्हा घर एकदम लहान वाटायला लागायचं, आणि तो गेला की दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. घर गावाच्या शेवटच्या टोकाला, कातळाच्या उतारावर. भाट्याचा पूल ओलांडून आलेली रत्नागिरीची एस.टी. फाट्यावर थांबायची, तिथून पाऊण मैल चालत यायचं. पहाटे मला जाग यायची ती विहिरीवरच्या रहाटाच्या कुरकुरीनं. पाणी वहिनी भरायची. मग चुलीतल्या फुंकणीचा आवाज, मग बिड्याच्या तव्यावर घावनाचं पीठ पडल्याचा चर्रर्र आवाज. मी अंथरुणातच पडून हे सगळं ऐकायची. आज वाटतं, उठून एक तरी कळशी आणायला हवी होती मी. पण मी शाळेत जाणारी होते, मला सगळं माफ होतं.

वहिनीचं नाव सुनंदा. चिपळूणच्या बाजूची, दहावीपर्यंत शिकलेली. इंग्रजीत नापास झाली आणि त्याच वर्षी लग्न झालं. वाचायची मात्र तिला विलक्षण हौस. वाण्याकडून सुकटीची, डाळीची पुडी आली की ती आधी पुडीचा कागद सोडवून घ्यायची, हातानं सपाट करायची आणि भाकरी थापता थापता वाचायची. अर्धी बातमी, फाटलेली जाहिरात, काहीही. आईला ते आवडायचं नाही. "कागदात काय बघतेस गो, भाकरी करपली बघ," असं आई म्हणायची. पण भाकरी कधी करपलेली मला आठवत नाही. सांगितलेलं काम विसरणं, वस्तू हरवणं, दूध उतू जाणं हे सगळं माझ्या नावावर असायचं. वहिनीच्या नावावर असलं काही नव्हतं. कुठल्या फणसाचं फळ कोणत्या दिवशी उतरवायचं आहे, आठळ्या कुठल्या मडक्यात पुरल्या आहेत, कुणाच्या घरी कोकमाची सोलं पाठवायची आहेत, हे आईसुद्धा तिलाच विचारायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

बेबीच्या वेळेला वहिनीला फार रक्त गेलं होतं. घरातच बाळंतपण, सुईण म्हातारी. शेवटी चार माणसांनी खुर्चीत बसवून तिला फाट्यापर्यंत नेलं आणि मिळालेल्या टेम्पोतून रत्नागिरीला. डॉक्टरांनी दादाला बजावलं होतं, अंगात रक्त नाही, निदान चार वर्षं तरी पुन्हा दिवस जाता कामा नयेत. दादानं मान डोलावली आणि आठ दिवसांनी तो मुंबईला गेला. आईला मात्र नातू हवा होता. आई दुष्ट नव्हती. तिचे स्वतःचे दोन मुलगे लहानपणीच गेले होते, आणि दादाच्या मागं घराला कुणी हवं, यापलीकडं तिला काही दिसत नव्हतं. त्यामुळं बेबी दीड वर्षाची झाल्यावर, गणपती तोंडावर आलेले असताना, वहिनीनं मला परसात केळीच्या मागं बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "शैला, एक काम करशील? नर्सबाईंकडून गोळ्या आणायच्यात. दिवस न जाण्याच्या. ह्यांना मी सांगितलंय, ते हो म्हणाले. पण आईंना कळता नये."

नर्सबाईंचं उपकेंद्र माझ्या हायस्कूलच्या रस्त्यावरच होतं. वहिनी स्वतः जाऊ शकत नव्हती, कारण तिथं झाडलोट करणारी बाई आईच्या माहेरची. सून नर्सकडं कशाला आली होती, हे संध्याकाळच्या आत आईला कळलं असतं. शाळेतल्या पोरी मात्र तापाच्या गोळ्या मागायला तिथं येत-जात. वहिनीला अजून एक गोष्ट हवी होती, ती तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. गावात अंगणवाडी मंजूर होणार होती. सेविका म्हणून तिनं अर्ज द्यावा, असं ग्रामसेवकांनीच सुचवलं होतं. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, मग गावातच काम. "माहेरी राहून करता येईल गो प्रशिक्षण," ती म्हणाली, "मुलींना नेईन बरोबर." हे सांगताना ती केळीच्या सोपटाचे उभे धागे काढत होती आणि हसत होती. ती तेव्हा पंचवीस वर्षांची होती. मला ती केवढी मोठी वाटायची!

मी दहावीत होते. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातला तो एक धडा सरांनी "हा तुम्ही घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता, आणि आम्ही तो घरी इतक्या वेळा वाचला होता की पुस्तक आपोआप तिथंच उघडायचं. पण वाचणं वेगळं आणि उपकेंद्राच्या ओटीवर उभं राहून गोळ्या मागणं वेगळं. मी गेले तेव्हा मलेरियाच्या तपासणीसाठी रक्त द्यायला दोन पुरुष बाकावर बसले होते. त्यातले एक माझ्या वर्गातल्या मुलीचे वडील. नर्सबाई कोल्हापूरकडच्या, आवाज खणखणीत. मी पुटपुटले तशा त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. पण दाराला नुसता पडदा होता आणि त्यांचा आवाज त्या पडद्याला जुमानणारा नव्हता.

"बाळ किती महिन्यांचं हाय? अंगावर पितंय का अजून?" त्यांनी विचारलं. मी मानेनं नाही म्हटलं. "डोकं दुखतंय का तिचं सारखं? कावीळ झालेली? पायावर सूज?" मी नाही, नाही करत राहिले. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. मग त्यांनी पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. "नीट ऐक. ह्या पांढऱ्या एकवीस, ह्या तांबड्या सात. पाळी आल्यापासून पाचव्या दिवशी सुरू करायची. रोज एक, रात्री जेवल्यावर, न चुकता. पांढऱ्या संपल्या की तांबड्या, त्या नुसत्या रक्तवाढीच्या हायत. मग लगेच दुसरं पाकीट. एखादा दिवस चुकलीच तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि त्या दिवसाची त्या दिवशी घ्यायची. दोन-तीन दिवस चुकल्या तर मला येऊन भेटायचं, तोवर जपून राहायचं. पहिलेछूट मळमळंल, घाबरायचं नाही. आणि मुख्य म्हंजे, नवरा घरी असो नसो, गोळी रोज. बायका हितंच चुकतात. आणि महिन्याभरात तिला घेऊन ये. रक्तदाब बघितल्याशिवाय मी दुसरं पाकीट देणार नाही."

हे सगळं आज मी इतकं सविस्तर लिहू शकते, याचा अर्थ मी ते ऐकलं होतं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की लाजेमुळं माझं लक्ष नव्हतं, पडद्यापलीकडच्या खोकल्याकडं होतं. तेही खरंच आहे. पण शब्द कानात शिरले होते. पाकिटाबरोबर घडी घातलेला एक कागद होता, मराठीत बारीक टायपात छापलेला, बाईचं चित्र असलेला. घरी जाताना वाटेत आईच्या ओळखीच्या दोघी भेटल्या, माझं दप्तर चाचपत "काय गो, आज उशीर?" म्हणाल्या, आणि मी दप्तर ओढून घेऊन झपझप चालू लागले. पुढं व्हाळावरच्या साकवावर आल्यावर मी तो कागद काढला आणि पाण्यात सोडून दिला. पाकीट लहान होतं, कंपासपेटीत मावलं.

वहिनी परसात वाट बघत होती. पाकीट हातात घेऊन तिनं उलटसुलट केलं. "आत कागद असतो ना? वाचायला?"

"नव्हता," मी म्हटलं.

"मग कशा घ्यायच्या?"

"रोज एक. जेवल्यावर."

"हे मुंबईत असताना पण?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. पण ते देताना नर्सबाईंचं ते "नवरा घरी असो नसो" माझ्या तोंडून यायला हवं होतं, वहिनीच्या तोंडाकडं बघत. माझ्या भावाबद्दल होतं ते. मला शब्द काढवेना. आणि खरं सांगायचं तर माणूस घरातच नसताना गोळी कशाला, हे मलाही पटत होतं. डोकं दुखत नसताना कुणी डोकेदुखीची गोळी खातं का? मी म्हटलं, "मुंबईत असताना कशाला? दादा असेल तेव्हा." वहिनीला हसू आलं. "मग हे एक पाकीट वर्षभर पुरेल की!" ती म्हणाली आणि पाकीट तिनं पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवलं.

गणपतीत दादा अकरा दिवस राहिला. अकरा गोळ्या संपल्या. पहिले तीन-चार दिवस वहिनीला मळमळत होतं. मोदकांच्या सारणाचा वास सहन होईना, तशी आईची कळी खुलली. ती वहिनीला कोकमाचं सार करून द्यायला लागली, पाणी भरू देईना. वहिनी माझ्याकडं बघून ओठ दाबायची आणि मला हसू आवरायचं नाही. दादा गेल्यावर दोन दिवसांनी तिला पाळी आली, तारखेच्या बऱ्याच आधी. आम्हा दोघींना वाटलं, औषध लागू पडलं. खरं म्हणजे मध्येच गोळ्या थांबवल्या की असा रक्तस्राव होतोच. त्या खेपेला निभावलं ते निव्वळ दैवानं. पण हे आम्हाला कोण सांगणार होतं? जिला विचारायचं तिच्याकडं वहिनीला घेऊन जायचं होतं, आणि मी तो निरोप दिलाच नव्हता. दुसरं पाकीट लागतच नव्हतं, मग रक्तदाब कशाला दाखवायचा? शिमग्याला दादा दहा दिवस आला. पालखी घरी आली, पुरणपोळ्या झाल्या, दहा गोळ्या झाल्या. पांढऱ्या संपल्या. तेव्हाही काही झालं नाही.

मे महिन्यात तो महिनाभराची रजा घेऊन आला. घरात आंब्याच्या अढीचा वास, अंगणात फणसपोळीची ताटं, माझी बोर्डाची परीक्षा संपलेली. पाकिटात फक्त तांबड्या सात उरल्या होत्या. वहिनी म्हणाली, "रंग वेगळा आहे म्हणजे जरा जोराच्या असतील." मी तेव्हा काहीच बोलले नाही. नुसत्या रक्तवाढीच्या आहेत, हे नर्सबाईंचं वाक्य मला त्या क्षणी आठवलं की नाही, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. आठवलं असावं. सात दिवसांनी ती म्हणाली, "शैला, अजून एक आणतेस?" शाळेला सुट्टी होती, त्या रस्त्यानं जायला निमित्त नव्हतं, आणि मला मामाकडं जायचं होतं. "आणते, आणते," असं म्हणत मी पंधरा दिवस मामाकडं राहून आले.

जूनमध्ये दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या. एक माझी, माझा निकाल घेऊन मास्तरच घरी आले होते. मी पहिल्या वर्गात पास झाले. दुसरी वहिनीची, तिनं केलेल्या अर्जाचं पत्र आलं, तिची निवड झाली होती, श्रावणात प्रशिक्षणाला हजर व्हायचं होतं. ते पत्र तिनं उभ्या उभ्या तीनदा वाचलं. आणि तेव्हाच तिची पाळी चुकलेली होती.

नर्सबाई गावच्या फेरीत घरी आल्या तेव्हा आई भाताच्या लावणीला गेली होती. पडवीत वहिनी तांदूळ निवडत बसली होती, मी कॉलेजच्या फॉर्मवर फोटो चिकटवत होते. पाळी चुकल्याचं ऐकून नर्सबाईंनी वहिनीच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, हाताला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, आणि मग त्यांचा आवाज चढला. "गोळ्या दिल्या होत्या ना तुला? एक पाकीट नेलंस आणि तोंड दाखवलं न्हाईस. ह्या अंगात परत बाळंतपण सोसायचं कसं?"

"घेतल्या की बाई," वहिनी म्हणाली. "हे होते तेव्हा रोज घेतल्या."

"हे होते तेव्हा? अगं, रोज म्हंजे रोज! नवरा असो नसो, असं मी ह्या पोरीला चांगलं बजावून सांगितलं होतं." त्या माझ्याकडं वळल्या. "सांगितलंस का न्हाई तू हिला?"

वहिनी माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, ती नुसती वाट बघत होती. माझ्या बोटांना खळ लागलेली होती.

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

वहिनीनं सुपातले तांदूळ एकदा पाखडले. मग खाली बघत ती म्हणाली, "माझ्याच ध्यानात राहिलं नसेल."

नर्सबाई थोड्या निवळल्या. ठेवायचं नसेल तर अजून वेळ गेलेली नाही, सिव्हिलला चल, मी बरोबर येते, असंही म्हणाल्या. वहिनीनं दोन दिवस विचार केला. पण तोपर्यंत आईच्या लक्षात आलं होतं आणि दादाला पत्र गेलं होतं. श्रावणात प्रशिक्षणाला खालच्या वाडीतली दुसरी बाई गेली. मी रत्नागिरीला कॉलेजात जायला लागले. सकाळी एस.टी.साठी निघताना वहिनी मला डबा द्यायची, तेव्हा तिला उलट्यांनी उभं राहवत नसायचं. डब्यात मात्र रोज काहीतरी वेगळं असायचं. मी तो कॉलेजात मैत्रिणींना वाटून खायची आणि "माझ्या वहिनीच्या हातचं" असं कौतुकानं सांगायची.

बाळंतपण शिमग्याच्या आधी झालं, रत्नागिरीच्या दवाखान्यात. पुन्हा तसंच रक्त गेलं. दादा मुंबईहून आला, त्यानं रक्त दिलं, आणखी दोघांनी दिलं. तीन दिवस ती आहे की जाते असं चाललं होतं. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहायची आणि मनात म्हणायची, ही वाचू दे, मी सगळं सांगून टाकीन. ती वाचली. मी सांगितलं नाही. मुलगा झाला होता, आईनं वाडीत पेढे वाटले. वहिनी वर्षभर अंथरुणाला खिळल्यासारखी होती, आणि त्यानंतर पाणी भरायला ती कधीच पूर्वीसारखी गेली नाही. पाणी मग मी भरायला लागले. घरच्यांना वाटलं, शैला सुधारली.

तो मुलगा, आमचा महेश. आज त्याला स्वतःचा मुलगा आहे. माझं लग्न उशिरा झालं, मूल झालं नाही, आणि ह्या पोरावर मी जितका जीव लावला तितका कुणावर लावला नाही. तो झाला नसता तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात एकदाही आलेलं नाही. त्यामुळंच हे लिहिणं इतकं अवघड जातं. मी पुढं शिक्षिका झाले, विज्ञान शिकवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तोच धडा आला आणि मी फळ्याकडं तोंड करून म्हणाले, "हा तुम्ही घरी वाचा." पुढं मी तो शिकवायला लागले, पण पहिली दोन वर्षं नाहीच.

वहिनीला मी खरं सांगितलं ते परवा-परवा, म्हणजे आई जाऊन, दादा निवृत्त होऊन गावी आल्यानंतर. तिला पोटाच्या दुखण्यासाठी रत्नागिरीला एका डॉक्टरीणबाईंकडं दाखवायला मी घेऊन गेले होते. बाहेरच्या खोलीत एक तरुण मुलगी प्रत्येकीची माहिती लिहून घेत होती. बाळंतपणं किती, पाळी कधी थांबली, कुठली ऑपरेशनं झाली. मग तिनं सहज विचारलं, "आजी, गर्भनिरोधक गोळ्या कधी घेतल्या होत्या का?"

"घेतल्या होत्या गो," वहिनी म्हणाली. "पण मी विसरभोळी. नर्सबाईंनी सांगितलेलं ध्यानात ठेवलं नाही, आणि मग तिसरं झालं."

मुलीनं काहीतरी लिहिलं आणि फाइल आमच्याकडं दिली. आम्ही बाकावर जाऊन बसलो. मी म्हणाले, "वैनी, तू विसरली नव्हतीस. मी तुला सांगितलंच नव्हतं. कागद पण होता आत. मी व्हाळात टाकला. आणि नर्सबाईंसमोर खोटं बोलले."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे गो, लहान होतीस. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडी ते वाक्य कितीदा तरी घालून पाहिलं होतं.

"मला बचत गटाची अध्यक्ष करत होते," ती म्हणाली. "आठवतं तुला? दोनदा विचारायला आले. मी म्हटलं, नको, माझ्या डोक्यात राहत नाही काही. पोरींच्या लसी, महेशचे शाळेचे फॉर्म, सगळं मी ह्यांना नाहीतर तुला विचारून करायची. मला वाटायचं, आपल्यावर सोडलं की आपण चुकणार." ती थांबली. "मी एवढी हुशार होते गो."

"होतीस," मी म्हणाले.

"त्या दिवशी पडवीत बोलली असतीस, तर मी तुला दोन थोबाडीत दिल्या असत्या. संध्याकाळी जेवायला पण वाढलं असतं."

मी रडायला लागले होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, माझा हातही धरला नाही. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं गेलं. मी नेहमीसारखी फाइल सावरत उठले. तिच्या सगळ्या दवाखान्यांत, बँकेत, कचेरीत मीच आजवर पुढं होऊन बोलत आले होते. वहिनीनं माझ्या हातातून फाइल घेतली.

"तू बस इथंच," ती म्हणाली. "माझं मी सांगते."

आणि पदर नीट करून ती एकटी आत गेली.